अवंदा पाह्यजो!

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं इतक्या तपशिलात सांगितली आहेत की वाचताना दर चार-पाच ओव्यांमागे एखादा नातेवाईक भेटतो. पुढे त्याच दशकात पढतमूर्खाला स्वतंत्र समास दिला आहे. दोन्हीकडे शोधलं, तरी महाराष्ट्रातल्या व्यावसायिक फुटबॉल क्लबाचा चाहता कुठे सापडत नाही. सतराव्या शतकात असे क्लब नव्हते, हे त्याचं कारण असू शकत नाही. ते एकविसाव्या शतकातही असतातच असं नाही. मला वाटतं, हा मूर्खपणा निंदेच्या पलीकडे गेलेला असल्यामुळे समर्थांनी त्याला हात लावला नाही. त्याची फक्त स्तुती करता येते, आणि ती आजवर कोणी केलेली नसल्यामुळे मी करतो आहे.

वरुडात या पंथाचे एक थोर साधक राहतात. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं, आपणही तेवढंच म्हणू. शेंदुरजनाघाटच्या बाजूला त्यांची संत्र्याची बाग आहे. फुटबॉलला त्यांनी पाय लावलेला कोणी पाहिलेला नाही. ज्या क्लबांसाठी त्यांनी आयुष्य वेचलं, ते इथून सातशे-आठशे किलोमीटरवर होते. होते हा काळ मी विचार करून वापरतो आहे.

शहाण्या माणसासाठी वरुडात सोय नाही असं नाही. विदर्भाची क्रिकेट टीम आहे. १ जानेवारी २०१८ला इंदूरला दिल्लीला हरवून तिनं पहिली रणजी जिंकली, पुढच्याच मोसमात नागपुरात सौराष्ट्राला हरवून दुसरी, आणि २०२४-२५मध्ये केरळपुढे पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरी. सकाळी लवकर निघालं तर नागपूरच्या जामठा मैदानावर टॉसच्या आत पोचता येतं. एवढं सगळं हाताशी असताना भाऊंनी तिकडे पाठ केली. कारण विचारलं तर म्हणाले, "जे जिंकूनच राह्यले, त्याईले आपली काय गरज हाय?" इतकं निःस्वार्थ उत्तर मी एखाद्या मठातही ऐकलेलं नाही.

भाऊंची साधना सुरू झाली ती महिंद्रा युनायटेडपासून. मुंबईच्या या क्लबानं २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये कंपनीनं तो बंद केला. मग पुणे एफसी आला. २०१२-१३च्या आय-लीगमध्ये तो दुसरा आला आणि २०१५मध्ये गुंडाळला गेला. पुण्यातच भारत एफसी नावाचा क्लब निघाला, एक मोसम खेळला, तळाला गेला आणि संपला. मुंबई एफसी २०१७मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि मग दिसेनासा झाला. दुसऱ्या कोणी या क्रमावरून काही बोध घेतला असता. भाऊंनी घेतला नाही, आणि याच ठिकाणी त्यांची थोरवी सुरू होते.

२०१४मध्ये इंडियन सुपर लीग निघाली आणि तिच्यात एफसी पुणे सिटी. या क्लबाच्या पाठीराख्यांनी स्वतःला ऑरेंज आर्मी म्हणवून घेतलं. इकडे आमच्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवरच 'वरूड ऑरेंज सिटी' असं लिहिलेलं. भाऊंना आणखी पुरावा नको होता. सिटी आपल्याकडे आहे, आर्मी तिकडे आहे, आता ट्रॉफीच काय ती राहिली, असा त्यांचा हिशेब. संघात विश्वविजेता फ्रेंच खेळाडू डेव्हिड त्रेझेगे होता, इटलीच्या फिओरेंतिना क्लबाशी भागीदारी होती, पुढे मालकांत हृतिक रोशन आला. फक्त गोल होत नव्हते. १८ ऑक्टोबर २०१४ला मुंबई सिटीनं पुण्याला पाच-शून्य हरवलं. टपरीवर सगळे भाऊंच्या तोंडाकडे पाहत होते. "सेट व्हाले टाइम लागते, बावा," भाऊ म्हणाले. "अवंदा पाह्यजो!"

हे दोन शब्द म्हणजे भाऊंचं सगळं शास्त्र. त्यात अवंदा नेमकं कोणतं, ते ठरलेलं नसतं. त्यामुळे भाकीत कधी खोटं पडत नाही, फक्त लांबतं. पुणे सिटीच्या पाच मोसमांत ते पाच वेळा लांबलं. एकदा जवळही आलं होतं. मार्च २०१८मध्ये पुणे उपांत्य फेरीत पोचलं. पुण्यातला सामना शून्य-शून्य, आणि बंगळुरूला सुनील छेत्रीनं एकट्यानं तीन गोल मारून तीन-एकनं विषय संपवला. भाऊ त्या रात्री बागेत पाणी द्यायला गेले होते, कारण शेतीच्या थ्री फेज लाइनची पाळी रात्रीची होती. मोटर चालू, मोबाईलवर सामना चालू. तिसऱ्या गोलाच्या वेळी लाइन गेली. भाऊंच्या मते पुणे हरलं त्याला कारण बचावफळी नसून वीज वितरण आहे. पुढच्या वर्षभर या मुद्द्याचं खंडन करायला कोणाकडे पुरेसा वेळ निघाला नाही.

२०१९मध्ये पुणे सिटी बंद पडला. लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. तो क्लब पहिल्या मोसमात शेवटचा आला, तेव्हा भाऊंना ओळख पटली: हीच आपली टीम. आणि मग अघटित घडलं. २० मार्च २०२२ला फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून हैदराबाद विजेता झाला. जे पुण्यात असताना व्हायला हवं होतं, ते पुणे सोडल्यावर झालं! संघात आशिष राय, निखिल पुजारी ही पुण्याहून गेलेली मंडळी होती. भाऊंनी पेढे वाटले. "मी म्हनलं होतं न?" भाऊ विजेत्याच्या गावाचं नाव चुकले होते, वर्ष चुकले होते आणि रंगही चुकले होते. बाकी सगळं बरोबर आलं होतं.

इथं थोडं विषयांतर. आमच्याकडे संत्र्याला आपोआप भरघोस फुलोरा येत नाही. झाडाचं पाणी तोडावं लागतं. आंबिया बहारासाठी डिसेंबरात, मृगासाठी मे महिन्यात. पानं मलूल होतात, झाड आता जातं की काय असं वाटतं, त्याला आम्ही ताण देणं म्हणतो. मग पाणी सोडलं की फांदी न् फांदी फुलते. भारतीय फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी फलोत्पादन शिकल्याचं कुठे नमूद नाही, पण चाहत्याला ताण देण्यात त्यांचा हात कृषी विद्यापीठानं धरावा असा आहे. फक्त पाणी कधी सोडायचं, हे त्यांच्या वेळापत्रकात नसतं. भाऊ मात्र कोरड्यावरही फुलतात.

मुंबई सिटीची गोष्ट वेगळी आणि भाऊंच्या दृष्टीनं दुःखाची. पुणे गेल्यावर एक टीम हाताशी असावी म्हणून त्यांनी मुंबईला जवळ केलं. त्याच सुमारास, नोव्हेंबर २०१९मध्ये, मँचेस्टर सिटी ज्यांची आहे त्या कंपनीनं मुंबईचा ६५ टक्के हिस्सा घेतला. परिणाम व्हायचा तोच झाला. मुंबई जिंकू लागली. २०२०-२१मध्ये लीगमध्ये पहिली आली आणि अंतिम सामनाही जिंकली. बिपिन सिंगनं अगदी शेवटच्या मिनिटाला गोल मारला. ४ मे २०२४ला तर कोलकात्यात, मोहन बागानच्या घरात, साठ हजारांवर लोकांसमोर तीन-एक. भाऊ खचले. जिंकणाऱ्या संघाबद्दल भाकीत करणं म्हणजे मे महिन्यात ऊन पडेल असं सांगणं. त्याला वरुडात चहासुद्धा मिळत नाही.

सुदैवानं मध्येच नेमार आला. म्हणजे आला नाही. ऑगस्ट २०२३मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगची गटवारी निघाली, मुंबईच्या गटात सौदीचा अल हिलाल आला आणि अल हिलालमध्ये नेमार होता. नेमार भारतात खेळणार! भाऊंनी जाहीर केलं की मुंबई दोन-एकनं जिंकेल, आणि तो एक गोल नेमारचा असेल, कारण पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. ऑक्टोबरात ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला. रियाधमध्ये मुंबई नेमारशिवायच्या संघाकडून सहा-शून्य हरली, नवी मुंबईत दोन-शून्य. गटातले सहाच्या सहा सामने गेले. टपरीवरच्या पोट्ट्यांनी भाऊंना गाठलं, तर ते उजळून गेलेले. सहाचे दोन झाले, हा उतार पाहा, म्हणाले. अजून दोन सामने झाले असते तर अल हिलाल उणे सहावर असता. पढतमूर्ख व्हायला गणित यावंच लागतं.

लोक मला विचारतात की भेंडवळच्या घटमांडणीत आणि भाऊंच्या भाकितात फरक काय. फरक आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती धान्य, मध्ये पान-सुपारी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं, पिकांचं, राजाच्या गादीचं भाकीत सांगतात. शास्त्रीय आधार नाही म्हणून त्यावर टीका होते. पण तिथे निदान धान्य हललं की नाही, एवढं तरी पाहतात. भाऊ काहीच पाहत नाहीत.

आणि वर दिल्लीत काय चालतं? सप्टेंबर २०२३मध्ये इंग्रजी दैनिकात बातमी आली की भारतीय संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी जून २०२२मध्ये अफगाणिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी खेळाडूंची यादी ज्योतिषाकडे पाठवली होती, आणि त्या ज्योतिषाची गाठ महासंघातूनच घालून दिली होती. तो सामना भारत दोन-एकनं जिंकला, म्हणजे शास्त्र खरं आहे. भाऊंना राग आला तो वेगळ्याच कारणानं. बातमीत मानधनाचा आकडा काही लाखांत होता. "आमी फुकट सांगून राह्यलो, तं कोणी इचारत नाही!"

महासंघाच्या स्वतःच्या भाकितापुढे मात्र भाऊही हात टेकतात. जानेवारी २०२३मध्ये 'व्हिजन २०४७' जाहीर झालं: २०४७पर्यंत भारत आशियातल्या पहिल्या चार संघांत असेल. चोवीस वर्षांची मुदत! आमच्याकडे संत्र्याची बाग लावली तर पाचव्या-सहाव्या वर्षी फळ लागतं, आणि चोवीस वर्षांनी बहुतेक बागा काढायला येतात. आजवरची प्रगती अशी की ऑक्टोबर २०२५मध्ये मडगावला सिंगापूरकडून हरून भारत २०२७च्या आशिया चषकाला मुकला आणि १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून एक-शून्य हरला. बांगलादेशकडून हरण्याची ही बावीस वर्षांतली पहिलीच वेळ. वरुडाला यातलं दुसरं दुःख जास्त लागलं. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेऊन आमच्या संत्र्याचा बाजार आधीच मोडला होता. माल पाठवला तर शुल्क लावतात, टीम पाठवली तर गोल लावतात.

२०२५चं वर्ष भाऊंच्या साधनेत शिखराचं ठरलं. लीगचा कारभार ज्या करारावर चालत होता तो ८ डिसेंबरला संपणार होता, म्हणून नवा मोसम जुलैतच थांबवून ठेवला. निविदा काढली, तर एकही बोली आली नाही. क्लबांनी सराव बंद केले. जी स्पर्धा होणार की नाही हेच ठरलेलं नव्हतं, तिचा विजेता भाऊंनी पोळ्याच्या दिवशी जाहीर करून टाकला. वर्ष संपता संपता मँचेस्टरवाल्या कंपनीनं मुंबईतून अंग काढून घेतलं. शहाणी माणसं. ताळेबंद वाचतात, अनिश्चितता पाहतात, निघून जातात. भाऊंनी ताळेबंद वाचला असता तर तेही निघून गेले असते, आणि मग वरुडातल्या टपरीवर बोलायला कापसाचा भाव तेवढा उरला असता.

जानेवारी २०२६मध्ये लीग सुरू करायला १४ फेब्रुवारीची तारीख जाहीर झाली, तेव्हा भाऊंसमोर प्रश्न उभा राहिला: आपली टीम कोणती? हैदराबाद उरला नव्हता. खेळाडूंचे पगार थकले, खेळाडू गेले, मालक बदलले आणि २०२५च्या ऑक्टोबरात क्लबच दिल्लीला गेला. आता त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. तिथली जागा रिकामी होती, कारण दिल्लीचा आधीचा क्लब २०१९मध्येच ओडिशाला निघून गेला होता. भाऊंनी शाळेतल्या पोराचा नकाशा मागवला, पट्टी घेतली आणि पुण्याहून हैदराबादला, हैदराबादहून दिल्लीला अशा रेघा ओढल्या. दुसरी रेघ थेट आपल्या पट्ट्यावरून गेली. क्लब जाताना आपल्या डोक्यावरून गेला, आता परत येताना इथंच उतरेल, हे त्यांचं ताजं भाकीत आहे. मैदानासाठी कोणाची बाग काढायची यावर टपरीवर चर्चा चालू आहे. चार जणांनी जागा सुचवली आहे, चौघांनीही दुसऱ्याची. मोर्शीवाल्यांनी मात्र हरकत घेतली आहे. त्यांचं म्हणणं, पट्टी नीट धरली तर रेघ मोर्शीवरून जाते.