निवृत्तीची रंगीत तालीम

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात माझ्या वयाच्या नोकरदाराला वाढदिवस विचारायची गरज नसते. १ जून. आईबापांना तारीख आठवत नव्हती आणि शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींना घाई होती, एवढ्या भांडवलावर अख्खी पिढी एका दिवशी जन्मली. पहिल्या तारखेचा माणूस नियमाने आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मे आला की शाल-नारळवाल्यांची चंगळ.

बायकोचीही तारीख तीच. फक्त गुरुजींनी तिला माझ्याहून चार वर्षांनी धाकटी केलं. मी पंचायत समितीत बाबू, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. १९९८ मध्ये धुळ्यातून जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आसपास दोघंही लागलो. म्हणजे जुन्या पेन्शनवाले! मी ५८ ला सुटणार आणि ही पुढे चार वर्षं डबा घेऊन जाणार, हे मला बघवेना. २० वर्षं सेवा झाली की तीन महिन्यांच्या नोटिशीवर स्वेच्छानिवृत्ती मिळते. दोघांनी आत्ताच घेऊ, असं मी सुचवलं. उपदान, भविष्य निर्वाह निधी, गटविमा, पेन्शनचं ४० टक्के अंशराशीकरण, सगळे आकडे मांडले. तोरणमाळला जाऊ, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघू.

"घोडे बघायला किरकोळ रजा पुरते."

"अगं, पण दिवसभर एकत्र राहता येईल."

"सरकारसुद्धा नवरा-बायकोला ३० किलोमीटरच्या आत आणतं, एका खोलीत नाही. आधी महिनाभर निवृत्त राहून दाखवा."

मी अर्जित रजा टाकली. (निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचे पैसे मिळतात, हे हिशेब मांडणाऱ्याला तेव्हा सुचलं नाही.) पहिल्याच आठवड्यात मसाल्याचे डबे अकारविल्हे लावले, तिखटाच्या जागी हळद सापडल्यावर स्वयंपाकघरात मला बंदी झाली. मग जोडधंदा काढायचा ठरवला. नंदुरबारला राहून माणूस दुसरा कसला काढणार? बाजार समितीतून ओली लाल मिरची आणली आणि गच्चीवर पथारी घातली. व्यापाऱ्यांच्या पथाऱ्या गावाबाहेर उघड्यावर का असतात, हा प्रश्न मला पडला नाही. देठ खुडून हात भगभगायला लागले, त्याच हातांनी डोळे चोळले. तेवढ्यात अवकाळीचं आभाळ आलं. अर्धवट सुकलेली मिरची भिजली की काळी पडते, एवढं ज्ञान मला होतं. म्हणून सगळा माल बैठकीत आणून पसरला आणि लवकर वाळावा म्हणून पंखा पाचवर सोडला.

शेजारच्या काकू नाकाला पदर लावून धावत आल्या. "काय व्हयनं, भाऊसाहेब?" उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला फक्त शिंकाच आल्या. बायको शाळेतून आली तेव्हा अख्खी गल्ली रस्त्यावर उभी होती. तिने नाक दाबून आत जाऊन पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या आणि उरलेली रजा रद्द करायचा अर्ज स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून माझ्यापुढे सहीला ठेवला. पाऊस पडलाच नाही.

केंद्राप्रमाणे राज्यातही निवृत्तीचं वय ६० करा, ही कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे. आमच्या घरातून तिला पूर्ण पाठिंबा आहे. बायकोच्या मते, निदान माझ्यापुरती तरी ती तातडीने मंजूर व्हावी.