भक्त आणि मिस्त्री

जोधपूर-पाली रस्त्यावर बुलेटचं देऊळ आहे. अपघातात गेलेल्या ओम बन्नांची साडेतीनशे सीसीची गाडी काचेच्या आड उभी असते आणि लोक तिच्यापुढे नवस बोलतात. दंतकथा अशी, की अपघातानंतर पोलिसांनी ती ठाण्यात नेऊन ठेवली, तर सकाळी ती पुन्हा अपघाताच्या जागी हजर! मग टाकी रिकामी करून पाहिली; तरीही गेलीच. जयपूरच्या तिलक नगरमधल्या आमच्या मिस्त्रींना मी ही गोष्ट रंगवून सांगितली. कार्ब्युरेटरमधून मान वर न काढता त्यांनी एवढंच विचारलं, "किक किसने मारी?"

त्यांच्या एका शटरच्या वर्कशॉपात येणारा प्रत्येक गिऱ्हाईक मात्र भक्त असतो. कुणाची म्हैसूरला घडलेली जावा, कुणाची राजदूत. ज्यांच्याकडे 'बॉबी' सिनेमातली बुटकी जीटीएस आहे, त्यांचा थाट तर वेगळाच. मी येझदीवाला. आमचा कारखाना 1996 साली बंद पडला, त्यामुळे 'ओरिजिनल' पार्ट हा आमच्या पंथात मोक्षाच्या खालोखाल दुर्मीळ.

भक्त आला की आधी चरित्र सांगतो. आजोबांनी गाडी कशी घेतली, आजी मागे कशी बसली, किक आणि गिअर एकाच दांड्यावर असल्याचं पाहून शेजारी कसे चक्रावले. मिस्त्री शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, "भाईसाब, प्लग खोलो."

प्लगच्या तोंडावर आजोबा दिसत नाहीत. ते काळं, ओलसर असेल तर पेट्रोलात ऑइल जास्त पडलंय. पांढरं पडलं असेल तर इंजिन तापतंय. तपकिरी असेल तर तब्येत ठणठणीत. मग पॉइंट पॉलिश पेपरने घासायचा, फटीत फीलर गेज सरकवून पाहायचं, की संपली पूजा. ज्या नटाला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही म्हणून भक्ताला अभिमान, त्याच नटावर मिस्त्री हातोडी चालवतात. भक्त डोळे मिटतो. गाडी सुरू होते ती त्या हातोडीमुळे, पण श्रेय आजोबांना जातं.

हेच मिस्त्री पालीकडे गेले, की बन्नांच्या देवळापाशी हॉर्न देऊन हात जोडतात. विचारलं तर म्हणाले, "उसका प्लग थोड़े ही खोलना है!" जी गाडी उघडायचीच नाही, तिच्यावर श्रद्धा ठेवायला त्यांची हरकत नाही.

सरकारही आता भक्तांच्या बाजूने आहे. 2021 च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या, फारसे फेरफार न झालेल्या दुचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नंबरप्लेट देऊ केली. त्या प्लेटवर रोज हिंडायला मात्र मनाई. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर यायचं. आमच्यातल्या काहींना ही अट जाचक वाटली. मिस्त्रींना मी ती वाचून दाखवली, तर ते म्हणाले, "वैसे भी और कहाँ जाती हैं?"