हयातीचा जुगार

साठी उलटली की आपल्याकडे माणसाच्या तोंडात एक वाक्य मुक्कामाला येतं, "आता या वयात रिस्क नको." हे वाक्य शेअर बाजारापासून रात्रीच्या भज्यांपर्यंत कुठेही चालतं. म्युच्युअल फंड नको, सिंहगड नको, एसटीत खिडकीजवळची जागाही नको, वारा लागतो. एवढं सगळं नाकारल्यावर आपण जुगारापासून दूर राहिलो, असं त्या माणसाला मनापासून वाटतं. मला हे पटत नाही. सगळी पुंजी मुदत ठेवीत टाकून व्याजावर जगणारा माणूस आयुष्यातली सर्वांत मोठी पैज लावून बसलेला असतो. आपण वेळेवर मरू, अशी ती पैज आहे. घरच्यांना त्याने ती सांगितलेली नसते आणि बहुधा स्वतःलाही.

हिशेब सोपा आहे. वीस लाखांची ठेव, सात टक्के व्याज, म्हणजे वर्षाला 1,40,000 रुपये. "मुद्दलाला हात लावलेला नाही" हे ठेवीदार अभिमानाने सांगतो, आणि खरंच सांगतो. हात महागाईने लावलेला असतो. महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली, तर रुपयाची ताकद बारा वर्षांत निम्मी होते. म्हणजे बहात्तराव्या वर्षी निम्मी आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी पाव. तेव्हाही बँकेतून येतील 1,40,000च. पण त्यांत येईल ते साठीतल्या 35,000 रुपयांचं सामान, महिन्याला तीन हजारांचंही नाही. सरकारी निवृत्तिवेतनाला महागाई भत्ता असतो, बिचाऱ्या ठेवीला तो कोण देणार? अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मान्य. पण रात्र केवढी आहे याबद्दल ती म्हण काहीच बोलत नाही.

रात्र किती लांबू शकते याचा धडा फ्रान्समधल्या आर्ल गावच्या एका वकिलाने स्वतःच्या खर्चाने घेतला. 1965 साली आंद्रे-फ्राँस्वा राफ्रे या सत्तेचाळीस वर्षांच्या गृहस्थांनी जान काल्माँ नावाच्या नव्वद वर्षांच्या बाईंशी करार केला. बाई जिवंत असेपर्यंत दरमहा 2,500 फ्रँक द्यायचे, त्यांच्यामागे फ्लॅट आपला. कोणत्याही पंचांगाने हा व्यवहार शुभच ठरवला असता. बाई तीस वर्षं हप्ते घेत राहिल्या. 1995 साली राफ्रेच वारले, सत्त्याहत्तराव्या वर्षी. तोवर फ्लॅटच्या किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे गेले होते आणि एक रात्रही त्यात झोपायला मिळाली नव्हती. पुढचे हप्ते त्यांच्या घरच्यांनी भरले. बाई 1997 साली, एकशे बाविसाव्या वर्षी गेल्या. लोक या गोष्टीत वकिलाला हसतात. मला त्यात आपला मुदत-ठेववाला दिसतो. दोघांनीही पैसे लावले मरणाच्या वेळेवर; एकाने दुसऱ्याच्या, एकाने स्वतःच्या.

बाईंचा सौदा आपल्याकडेही वेगळ्या रूपात मिळतो. राहतं घर बँकेकडे तारण ठेवून तिच्याकडूनच पैसे घेत राहायचे, ही 'रिव्हर्स मॉर्गेज'ची सोय 2007च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. ती आपल्यात फारशी रुजली नाही, कारण घर मुलांचं असतं. मुलं न्यू जर्सीत किंवा बाणेरला स्वतःच्या घराचे हप्ते फेडत असली तरी घर त्यांचंच, आणि आपण तिथले बिनपगारी रखवालदार.

आता पैसे बाजारात लावण्यावरचा एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. तरुण पडला तर उठतो. म्हातारा पडला तर खुबा मोडतो, आणि हे बाजारालाही लागू आहे. जानेवारी 2008मध्ये 21,000वर असलेला सेन्सेक्स मार्च 2009मध्ये 8,000च्या आसपास होता. तो पुन्हा 21,000वर आला 2010च्या दिवाळीत. औषधांचं बिल दिवाळीपर्यंत थांबत नाही. म्हणून पुढच्या पाचेक वर्षांचा खर्च ठेवीतच हवा, यावर माझा वाद नाही. पण पंच्याऐंशीव्या वर्षी जो कोणी आपल्या नावाने जगणार आहे, तो आपला दूरचा नातेवाईक समजावा. त्याच्या वाटणीचा थोडा पैसा बाजारात वीस वर्षं चढउतार सोसू शकतो. त्याला आज भाजी आणायची नाही.

शिवाय "रिस्क नको" म्हणणाऱ्यांचं सोवळंही निवडक असतं. बाजारातले अनिश्चित बारा टक्के त्यांना जुगार वाटतात. पण 'दामदुप्पट'वाल्याने हमखास अठरा टक्के म्हटलं, की तोच माणूस चेकबुक काढतो, कारण एजंट ओळखीचा आणि गणपतीला वर्गणी देणारा असतो. 2019च्या सप्टेंबरात एका मोठ्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा सहा महिन्यांत सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ठेवीवरचं विमा संरक्षण तेव्हा एक लाख होतं, 2020मध्ये ते पाच लाख झालं. जास्त व्याजासाठी अख्खी पुंजी एकाच पतपेढीत ठेवणाऱ्याने गिर्यारोहकाला वेडा म्हणू नये. गिर्यारोहक निदान दोर बांधतो.

शरीराचाही हिशेब तोच. जिना टाळला की गुडघा आज वाचतो. पण न वापरलेले पाय दुबळे होत जातात आणि मग माणूस गडावर पडायचा तो न्हाणीघरात पडतो. काल्माँबाई पंच्याऐंशीव्या वर्षी तलवारबाजी शिकू लागल्या होत्या म्हणतात. तेवढं नको. सिंहगडाच्या अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन ताक पिऊन परतलं, तरी पैज निम्मी सावरते.

या पैजेचा निकाल दर नोव्हेंबरात लागतो. निवृत्तिवेतनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो बोट यंत्रावर टेकवूनही देता येतो, पण वयाने ठसे झिजले असतील तर यंत्र दाद देत नाही. मग बोट पुसून, फुंकर घालून, दुसरं बोट लावून माणूस आपण अजून आहोत हे पटवत राहतो. वेळेवर जाण्याची पैज आणखी एका वर्षाने हरल्याची ही पोचपावती. पण ती हातात पडल्यावर कोणाचा चेहरा उतरलेला नसतो. बाहेर येऊन मंडळी चहा सांगतात, आणि कोणी भज्यांची प्लेट मागवलीच तर ती मधोमध सरकवली जाते.