मला वाटलंच होतं

रहस्यकथेतला खुनी मी पन्नास पानांच्या आत ओळखतो, अशी माझी पक्की समजूत आहे. ती अजून टिकून आहे, कारण माझा अंदाज मी आधी कोणालाच सांगत नाही. पुस्तक संपलं की नुसतं म्हणतो, "मला वाटलंच होतं."

यंदा गावी, देऊळघाटला येताना एक काळीकुट्ट कादंबरी पिशवीत टाकली. मोबाइल बंद केला, कारण माझ्या मित्रांना शेवट सांगितल्याशिवाय जेवण पचत नाही. बुलढाण्याला गाडी बदलेपर्यंत पहिला मुडदा पडला होता आणि घरी चपला काढेस्तोवर माझा डॉक्टरवरचा संशय पक्का झाला होता.

मित्र तरी परवडले. खरी जमात लायब्ररीच्या पुस्तकात पेन्सिल चालवणाऱ्यांची. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि मला त्यांतली जी जी मिळाली, तीत माझ्याआधी कोणीतरी येऊन गेलेला होता. एकीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं, 'खुनी दिवाणजी.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'खोटं. पुतण्या.' त्याखाली तिसरा, 'दोघेही गाढव.' ते पुस्तक मी रात्रभर जागून वाचलं. खुनी कोण याचं मला काही पडलं नव्हतं; या तिघांत खरं कोण बोलतंय, ते पाहायचं होतं. तिसरा खरं बोलत होता.

आता कबूल करून टाकतो. दुसऱ्या एका पुस्तकात एकतिसाव्या पानावर सही-तारखेनिशी 'ओळखला!' असं शाईने लिहिणारा मीच. माझा तो खुनी पुढच्याच प्रकरणात मेला. शाई खोडता येत नाही.

लंडनमध्ये 1952 पासून अ‍ॅगाथा ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' चालू आहे. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती करतात, शेवट बाहेर सांगू नका. हे नाटक आमच्या पारावर केलं असतं तर मध्यंतरातच खुन्याच्या घरी निरोप गेला असता.

दुपारी डोळा लागला होता. उठून पाहतो तर माय ओसरीवर चष्मा लावून बसलेली, हातात माझी कादंबरी, आणि उघडलेलं पान शेवटचं.

"माय, हे काय करते!"

"कोन जितं राह्यते, तेवढं पाह्यलं. आता धाक नाही."

आणि शांतपणे पहिलं पान उघडलं. मी रहस्य, उत्कंठा वगैरेवर बोलू लागलो. ती म्हणाली, "कर्ण मरते हे का ठाऊक नसते? तरी कीर्तनात रडतोच ना आपन."

यावर मला काही सुचलं नाही. बाबा दवाखान्यात होते तेव्हा अकरा रात्री ती बाकड्यावर बसून होती. रोज सकाळी विचारायची, रोज उत्तर यायचं, "पाहू." त्याआधी ती माझ्यासारखीच वाचायची, पहिल्या पानापासून. हे मला त्या ओसरीवर आठवलं, आणि मी उत्कंठेचं व्याख्यान आवरतं घेतलं.

आता एकच पुस्तक दोघांत फिरतंय. ती साठाव्या पानावर, मी दोनशेव्या. डॉक्टरचं नाव आलं की मी हळूच तिच्या तोंडाकडे पाहतो. सुरकुतीसुद्धा हलत नाही. काल न राहवून विचारलंच, "माय, हा डॉक्टर कसा वाटतो गं तुला?"

तिने पान उलटलं. "चहा ठेवू का?" म्हणाली.