सदाशिव पेठेतील उड्डाणखाते

सरकारी हिशेबखात्यात उभी हयात घालवून, आपल्या हातून एका पैशाचीही तसलमात बेहिशेबी राहिली नाही या समाधानात पेन्शनीत निघालेला पुणेरी गृहस्थ पुढे ज्ञानेश्वरीच्या पारायणास बसेल, निदान पुणे नगर वाचन मंदिरातील वर्तमानपत्रांतले ऱ्हस्वदीर्घ तरी पेन्सिलीने सुधारील, अशी समाजाची स्वाभाविक अपेक्षा असते; परंतु अलीकडे या वर्गात एक नवीन पोटजात उत्पन्न झाली असून, तिचे सभासद रोज दिवेलागणीस सदाशिव पेठेतील दुसऱ्या मजल्यावरून, संगणकाच्या साहाय्याने, सेसना १७२ नामक एका पंख्याचे चार आसनी विमान घेऊन आकाशात जातात.

जातात म्हणणे तितकेसे यथार्थ नव्हे. सायंकाळचा बहुतेक वेळ विमान लोहगावास उभेच असते, कारण या गृहस्थाची खरी निष्ठा उड्डाणपूर्व तपासणीवर जडलेली असते. इंजिनाला ठिणगी पुरविणारे मॅग्नेटो दोन. मिनिटाला १,७०० फेरे ठेवून एकेक बंद करावा आणि घट १२५ फेऱ्यांपलीकडे जात नाही याची रुजुवात घ्यावी, हा जुन्या घडणीच्या सेसनाचा दंडक वाचून, नियमाने मंजूर केलेली घट अखेर या जगात कोठेतरी आहे, या विचाराने त्याचे डोळे पाणावतात. “अहो, चहा निवतोय,” असे आतून आले, तर “इंजिन चालू आहे!” असे उत्तर जाते, आणि चहा पुन्हा आधणावर चढतो.

ही विद्या पोरखेळ आहे असे कोणी सुचविल्यास तो वंशावळ काढतो. १९२९ च्या सुमारास अमेरिकेत एडविन लिंक या ऑर्गन बांधणाऱ्याच्या मुलाने कारखान्यातलेच भाते जोडून जमिनीवर डुलणारे खोटे विमान केले, आणि दुसऱ्या महायुद्धातील लक्षावधी वैमानिक त्यावर शिकले. तेव्हा ज्या शहराने पेटीच्या भात्यावर एवढी नाट्यपदे पोसली, त्याचा या शास्त्रावर थोडाफार वारसाहक्क पोहोचतोच, असा त्याचा दावा आहे. मला तो अगदीच अग्राह्य वाटत नाही.

अखेरीस विमान उठते. पूर्ण जोरात फिरणारा पंखा नाक डावीकडे ओढतो, म्हणून मेजाखालचे उजवे पायटे दाबून धरावे लागते. त्याची उजवी चप्पल डावीच्या आधी झिजते, आणि पाहुण्यांपुढे ती पुराव्यादाखल हजर केली जाते. श्रावणात सिंहगडावर ढग उतरले की दमट हवेमुळे, उष्णमान वीस अंश असतानाही, कार्बोरेटरात बर्फ धरू शकतो. त्यावर गरम हवेची कळ ओढण्याचा उपाय तो शेजाऱ्यांस इतक्या कळकळीने सांगतो की, एका भाबड्या शेजाऱ्याने आपल्या स्कूटरविषयी त्याचा सल्ला घेतला. रस्त्याने जाताना त्याची दृष्टी इंजिन बंद पडल्यास उतरण्याजोगी जागा शोधीत असते. स. प. महाविद्यालयाचे मैदान त्याने ‘आखूड’ असा शेरा मारून कधीच नामंजूर केले आहे. मुठेचे पात्र उन्हाळ्यापुरते विचाराधीन आहे.

शनिवारी तो बारामतीस जातो. अर्ध्या तासाच्या आत तेथील धावपट्टीवर उतरून, इंधनाचा हिशेब वहीत नोंदवून, जेवणाच्या पानावर हजर होतो. बारामतीस त्याची सख्खी मावसबहीण राहते, आणि तिच्या घराच्या वास्तुशांतीस मात्र, एस.टी.चा प्रवास झेपत नाही या सबबीवर, त्याला जाता आले नव्हते.

त्याच्या पुतण्याने एकदा सुचविले, “काका, हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र आहे. मी नेतो तुम्हांला, एकदा खरंच वर जाऊन या.”

काकांनी चष्मा पुसला, आणि त्या यंत्राविषयी बारकाईने चौकशी केली. इंजिन नाही, मॅग्नेटो नाहीत, इंधनाची टाकीही नाही, असे निष्पन्न होताच त्यांनी वही मिटली.

“मग तपासायचं काय?” त्यांनी विचारले.