कुणाला विचारून केलंस?

शिव शिव! अमावास्येच्या रात्री, गावाबाहेरच्या शेतघरावर, चार चांगल्या घरची माणसं अंधारात काय करत होती ते ऐकाल तर कानांवर हात ठेवाल. दुर्बिणी लावून बसली होती, इथवर ठीक. आकाशवेड्यांना प्रत्येक अमावास्या दिवाळीचीच. पण पहाटे चहाच्या वेळी आमच्या एक वहिनी सगळ्यांदेखत, आवाजही न चोरता म्हणाल्या, "मी पिक्सइन्साइट चॅटबॉटला विचारत विचारत शिकले." आमच्यातल्या जाणत्या काकांचं बिस्कीट कपात पडलं ते त्यांनी काढलंसुद्धा नाही.

पिक्सइन्साइट म्हणजे खास आकाशाच्या फोटोंसाठी केलेलं, स्पेनमधलं सॉफ्टवेअर. लग्नाच्या अल्बमसाठी नव्हे. रात्रभर थंडीत कुडकुडून टिपलेला मृगातला तेजोमेघ त्यात उघडावा, तर पडदा काळाकुट्ट! कारण मूळ नोंदीतला जवळजवळ सगळा उजेड आलेखाच्या डाव्या टोकाला अंग चोरून बसलेला असतो. त्याला ताणून बाहेर काढावं लागतं. एक बटण दाबलं की मेघ झकास दिसतो, पण ते फक्त दाखवण्यापुरतं. त्या भरवशावर फाइल जपून ठेवलीत की पुन्हा काळोख. "गेला माझा फोटो!" म्हणून गळा काढणारे नवशिके मी पाहिले आहेत. त्यातला एक आरशात पाहिला.

तर हे सगळं पूर्वी कुणाला विचारायचं? काकांना. आकाश ओळखायला आपल्याकडे कुणीही मायेने शिकवतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944पासून ते करते आहे, मुंबईकर त्यासाठी वांगणीला रात्री जागवतात. पण फोटोवरच्या प्रक्रियेचं म्हणाल, तर ते घराण्याचं गाणं! दोन हिवाळे काकांच्या बॅटऱ्या उचलाव्या, तेव्हा बंदिश मिळायची. ठेवणीतल्या जागा तिसऱ्या हिवाळ्यात.

आणि आता? वहिनी रात्री दोनला पडद्याचा फोटो काढून बॉटला विचारतात, "अहो, माझा मेघ पालकाच्या भाजीसारखा का दिसतोय?" बॉट सांगतो की हबलच्या धर्तीवर गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलात, मेघात हायड्रोजनचा उजेड सगळ्यांत जास्त, म्हणून हिरव्याचं राज्य. अमुक प्रक्रियेने तो उतरवा. तारे वेगळे काढलेत? मग परत बसवायचं हे घ्या पिक्सेलमॅथचं सूत्र. पार्श्वभूमीतला शहराचा उजेड आधी काढा, रंग मग जुळवा आणि हे दोन्ही ताणायच्या आधी. बरं, हे सांगताना "एवढंही कळत नाही?" असं एकदाही नाही! शिस्त म्हणून काही राहिली की नाही? आमच्या भाच्याने तर कहर केला. फुकट मिळणाऱ्या सिरिल या सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका न उघडता बॉटकडून आज्ञावलीच लिहून घेतली आणि चकल्या खात बसला.

अर्थात बॉट काही ब्रह्मदेव नव्हे. मला त्याने मेनूतला असा एक पर्याय सांगितला की तो शोधण्यात माझी चाळीस मिनिटं गेली. नाहीच म्हटल्यावर इतक्या गोड शब्दांत माफी मागितली की मलाच लाज वाटली, आणि लगेच दुसरी जागा सांगितली. तीही नव्हती. 'पुढच्या वडावरून डावीकडे वळा' म्हणणाऱ्या माणसाने गाव सोडून वीस वर्षं झालेली असावीत आणि वड केव्हाच तोडलेला असावा, तसं ते. पिक्सइन्साइटमध्ये 2022पासून गाया यानाने नोंदवलेल्या ताऱ्यांच्या वर्णपटांवरून रंग जुळवता येतात. हा पठ्ठ्या मला त्याआधीची रीत शिकवत होता.

काका एवढ्याचीच वाट पाहत होते. "मग हा फोटो तुझा की यंत्राचा?" त्यांनी वहिनींना विचारलं. इथे मला राहवलं नाही. कारण काकांच्या लॅपटॉपवर काय आहे ते मला ठाऊक आहे. ब्लरएक्सटर्मिनेटर! डिसेंबर 2022मध्ये रसेल क्रोमन यांनी आणलेलं, शिकवून तयार केलेलं चेतासंस्थेसारखं जाळं. त्याआधी फोटोतली अंधुकता काढायची तर ताऱ्याच्या पसरटपणाचा नमुना करा, ताऱ्यांवर मास्क घाला, तरी त्यांच्याभोवती काळी कडी उमटायची ती निस्तरा, असा तीन रात्रींचा खटाटोप असे. आता एक बटण. वहिनींचा बॉट नुसता रस्ता सांगतो, फोटोतल्या एका ठिपक्यालाही हात लावत नाही. काकांचं यंत्र थेट ठिपके बदलतं. सोवळं कुणाचं मोडलं, तुम्हीच सांगा. काका म्हणाले, "ते वेगळं." कसं वेगळं, ते तिसऱ्या हिवाळ्यात सांगणार असतील.

पण एक कबूल करायला हवं. वहिनींच्या फोटोत राखाडी कडी दिसत होती, मेदुवड्यांसारखी. ती पुसायची कशी, असं बॉटला विचारल्यावर त्याने सॉफ्टवेअरमधले पाच उपाय सांगितले. विचारलं सॉफ्टवेअरचं, उत्तर सॉफ्टवेअरचं. काकांनी बिस्कीट तसंच बुडू देऊन पडद्याकडे एकदा पाहिलं. "धूळ आहे. फ्लॅट घेतले नाहीस." आणि उजाडत होतंच, म्हणून स्वतःच्या पिशवीतून पांढरा बनियन काढला, दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बसवला आणि वहिनींकडून सारख्या उजेडाचे तीस फोटो, म्हणजेच फ्लॅट, काढून घेतले. मूळ फोटोंना या फ्लॅटनी भागलं की धुळीची कडी जातात.

बनियनवर आमटीचा डाग होता, ही गोष्ट शेतघरावरच राहिली असती. मी सांगितली. तुम्ही फ्लॅट घ्याल तेव्हा बनियन धुतलेला असू द्या, आणि कॅमेरा दुर्बिणीवरून उतरवायच्या आधीच घ्या.