देव्हाऱ्यातला आणा

नाणी जमवण्याचा नाद असला की पाहुण्यारावळ्यांत आपल्याला एक विचित्र भाव येतो. लग्नाची पत्रिका द्यायला एक वेळ विसरतील, पण कुणाच्या फडताळात काही गोल आणि हिरवट निघालं की फोन हमखास. केडगावच्या आत्याचा तसाच आला. "देवातला आणा बघून जा बाबा. नातू म्हणतोय, कोटीला जाईल."

दौंडच्या शटलनं केडगावला उतरलो. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, नारायण महाराजांचं बेट आणि हंगामात नाकात शिरणारा गुऱ्हाळाचा वास, एवढ्यावर हे गाव मला आजवर पुरत आलं होतं. आता त्यात एका कोटीची भर पडणार होती.

आत्यानं हळदीकुंकवानं माखलेला तो आणा तळहातावर ठेवला. एका अंगाला राम, सीता, भाऊ आणि पुढ्यात हात जोडलेला मारुती. दुसऱ्या अंगाला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा आणि साल १८१८. असले आणे मी डझनावारी पाहिलेत. कधी कमळ असतं, कधी ओंकार; साल कधी १७१७, कधी थेट १६१६. म्हणजे टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील जहांगीराच्या दरबारात व्यापाराच्या सवलती मागत अजमेरला ताटकळत होता, तेव्हा इकडे कंपनी रामाचे आणे पाडत होती म्हणायची! मुंबई बेट कंपनीच्या हाती आलं तेच मुळी १६६८ साली, वर्षाला दहा पौंड भाड्यानं.

पूर्वी हे पारखायचं काम गावचा पोतदार करी. सारा भरायला आलेला रुपया वाजवून बघायचा, कस लावायचा आणि खोटा असला तर परत करायचा. मी पोतदार नाही, पण भिंग आणि खिशात मावणारा काटा बाळगतो. आण्याच्या पृष्ठभागावर बारीक खळगे होते आणि अक्षरं वितळल्यासारखी गुळगुळीत. कडेला दोन साच्यांच्या सांध्याची रेघ होती, कुणीतरी कानस मारून ती पुसू पाहिली होती. ओतीव माल. कंपनीची नाणी ठशानं पाडलेली, अक्षराच्या कडा झिजल्या तरी सरळ झिजतात. आणि वजन! १८३५च्या कायद्यानं सगळीकडे एकच चलन आलं, त्यात तांब्याचा पाव आणा साडेसहा ग्रॅमच्या आसपास, अर्धा आणा तेराच्या आसपास. अख्खा आणा तांब्याचा नव्हताच. तो आला सातव्या एडवर्डच्या काळात, निकेल मिसळलेल्या धातूचा, नागमोडी कडेचा.

म्हणजे हे खोटं नाणंसुद्धा नव्हे. खोटं म्हणायला आधी खरं लागतं. ज्याचं मूळच कधी नव्हतं त्याची ही नक्कल.

हे मी आत्याला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे, अठराशे अठराला पेशवाई गेली ना? नवीन सरकार आलं. लोकांनी ऐकावं म्हणून रामाचं चित्र काढलं असेल."

मी गप्प झालो. म्हातारीचा मुद्दा बिनतोड होता. शिरूरच्या छावणीतून कॅप्टन स्टाँटनची पलटण ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री निघाली आणि सकाळी कोरेगावला भीमेवर पोचली, ते सगळं इथून फार लांब नाही. साल निवडणारा कारागीर इतिहासात अगदीच ढ नसावा. वर कंपनीनं मद्रासेत व्यंकटेश आणि त्याच्या दोन पत्नी असलेला सोन्याचा होन खरोखरच पाडला होता. त्याच्याही आधी अकबरानं रामसीतेचं नाणं काढलं, त्यावर नागरीत 'राम सीय' अशी अक्षरं. त्यामुळे "सरकार देव छापत नसतं" असं म्हणायची सोय नाही. म्हणायचं ते एवढंच, की छापायचं होतं तर तांब्याच्या आण्यावर आणि इतकं ओबडधोबड छापलं नसतं.

लंडनमध्ये १८५७च्या सुमाराला बिली आणि चार्ली नावाचे दोघे थेम्सच्या गाळात सापडल्याचं सांगून शिशाची 'मध्ययुगीन' पदकं विकत. त्यांवर अकराव्या शतकातली सालं आपल्या ओळखीच्या अंकांत, जे अंक तिकडे तेव्हा वापरातच नव्हते. दोघांनाही लिहितावाचता येत नव्हतं. तरी विद्वानांत त्यावरून वाद झाले. आत्यानं हे ऐकलं आणि विचारलं, "मग त्यांना पैसे मिळाले ना?"

तेवढ्यात नातू आला. त्याच्या फोनवर व्हिडिओ: असलं नाणं तांदूळ ओढतं, त्यात वीज शिरलेली असते, अमेरिकेतली नासा ते कोटींना घेते. या 'राइस पुलर'च्या नावाखाली तपासणीची फी, शास्त्रज्ञाचा खर्च, असं करत लोकांना लुबाडलं जातं, पोलिसांत गुन्हेही नोंदले जातात. तांदळात लोखंड आणि आण्याखाली चुंबक असला की तांदूळ चालायला लागतात. मी हे सांगत असताना नातू परातीत तांदूळ पसरून बसला. आणा मधोमध ठेवला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. खोटं कशाला बोलू, मीही.

काही हललं नाही.

"रोज अक्षता वाहते मी त्याच्यावर," आत्या म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं. एक दाणा चिकटेल तर शपथ. कुंकू ओलं असलं तर चिकटतो."

तिनं आणा चिंचेनं घासला, धुतला, पुसला आणि रामनवमीच्या फोटोपुढे परत ठेवला. ठेवताना देव्हारा डुगडुगला. मी वाकून पाहिलं. एका पायाखाली काळपट चकती सरकवलेली होती. हळूच उचलून भिंग लावलं. पानांच्या माळेत 'हाफ आणा', भोवती कंपनीचं नाव. पालथी केली, तर ढाल धरून उभे सिंह आणि खाली १८३५. झिजलेला, पण कडा सरळ. काट्यावर ठेवणार, तोच आत्याचा आवाज आला.

"अरे, तो ढब्बू आधी होता तिथं ठेव. देव हलतात."

मी ठेवला.